ज्वारी तूच आणायचीस

सुजाता, आधी कामाचं सांगते. ऑक्सिजनचं मशीन परत गेलं. नळ्या मी फेकून दिल्या. तुझ्या क्लिनिकच्या दारावर कागद लावलाय. तू गेल्याचं आणि ठाण्याच्या डॉक्टरांचा पत्ता, दोन्ही त्यावर ठळक लिहिलंय. तरी लोक कुत्री-मांजरं घेऊन येतात, कागद वाचतात आणि माझ्या दारात येऊन विचारतात, "म्हणजे मॅडम आता नाहीतच का?" कागदावरचं माणसांना पुरत नाही, कुणीतरी तोंडानं सांगावं लागतं. ते काम सध्या माझ्याकडे आहे.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या चुलतभावानं मला बोलायला उभं केलं. वंदना झाली होती, बुलढाण्याहून आलेल्या तुझ्या आत्या पांढऱ्या साड्यांत पुढे बसल्या होत्या, आणि हार घातलेला फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, तू लिपस्टिक लावलेला. तू तो लावू दिला नसतास. मी म्हटलं, ती उत्तम डॉक्टर होती, अतिशय वाईट पेशंट होती, आणि शेजारीण म्हणून मला दुसरी कुणी चालली नसती. एवढं बोलून मी बसले. आत्यांना ते फारच कमी वाटलं असणार. पण पहिल्या खुर्चीत तुझे बाबा होते, आणि मला जे बोलायचं होतं ते त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

तू मला एक गोष्ट करू नको म्हणाली होतीस. ती मी केली. कशी केली ते तुला कळायला हवं. पण तुला अर्ध्यातून केस ऐकायची सवय नाही. कुत्रा लंगडतो म्हटलं तरी तू विचारायचीस, "आधी सांगा, हा तुमच्याकडे आला कधी?" म्हणून पहिल्यापासून सांगते.

मुलुंड पूर्वेला तुझ्याच इमारतीच्या तळमजल्यावर आपले दोन गाळे, मध्ये प्लायची भिंत. अलीकडे मी, छातीची फिजिओथेरपी. दमेकरी, टीबीतून उठलेले, बायपास झालेले, ज्यांना कफ काढायला आणि श्वास घ्यायला नव्यानं शिकवावं लागतं असे सगळे माझ्याकडे. पलीकडे तू आणि तुझी जनावरं. पाट्या शेजारी शेजारी असल्यामुळे लोकांचा गोंधळ व्हायचा. एका आजोबांना तू टेबलावर चढायला सांगितलंस हे खरं नाही, पण तू ते इतक्या जणांना सांगितलंस की शेवटी मलाही खरं वाटायला लागलं.

भिंतीपलीकडून खोकला आला की आपण पैज लावायचो. तुझ्याकडे मी ओरडून विचारायचे, "लॅब्रेडोर?" तू म्हणायचीस, "नाही, लॅब्रेडोरचा मालक." कुत्र्याचा साथीचा खोकला बदकाच्या ओरडण्यासारखा कोरडा असतो, शेवटी ओकारी येते. पग कुत्रा नुसता बसलेला असला तरी घोरतो. म्हातारा कुत्रा झोपेत खोकायला लागला तर फुप्फुसाआधी हृदय बघायचं. हे सगळं मी प्लायच्या भिंतीतून शिकले. तू माझ्याकडून काय शिकलीस ते विचारलं तर म्हणायचीस, "माणसं खोटं बोलतात एवढं शिकले."

ते खरंच होतं. माझे पेशंट बोलतात, आणि बोलण्यात सगळं झाकतात. "आता बरंय," म्हणतात आणि वाक्य संपेपर्यंत दम लागतो. तू मला सांगितलंस, विचारू नकोस, आधी बघ. मांजर दारातून आत येईपर्यंत तू तिच्या कुशी बघायचीस, नाकपुड्या बघायचीस, आणि मालक तोंड उघडायच्या आत तुला निम्मं कळलेलं असायचं. मीही मग तसंच करायला लागले. दारातून टेबलापर्यंत चालत येणाऱ्या माणसाची मान बघायची, गळ्याजवळचे स्नायू श्वासागणिक ताठ होतात का बघायचं, आणि मग नाव विचारायचं. माझं काम त्यानं बदललं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच गुरुदक्षिणा म्हणून वडापाव मागितला असतास.

आपली ओळखही एका मांजरीमुळे झाली. घाटकोपरचे जयंतीभाई तिला पिशवीत घालून आणायचे. त्यांना वाटायचं तिच्या घशात केसांचा गोळा अडकतो. पोट जमिनीला टेकून, मान पुढे ताणून ती खोकायची. तू म्हणालीस, हिला दमा आहे, पंप द्यावा लागेल. मांजराच्या तोंडाला पंप कसा लावणार? तू माझं दार वाजवलंस. "लहान बाळांना पंप देताना मध्ये ती प्लास्टिकची नळी लावता ना, पुढे बारका मास्क असलेली? एक द्या." मी म्हटलं, "बाळ केवढं आहे?" तू म्हणालीस, "चार किलो. मिशा आहेत."

गंमत पुढे झाली. जयंतीभाईंना स्वतःला दमा होता. ते माझे जुने पेशंट. पंपाची सवय लागते, लोक काय म्हणतील, म्हणून ते पंप कपाटात ठेवून काढे प्यायचे. मांजरीचा पंप मात्र सकाळ-संध्याकाळ एकदाही चुकवायचे नाहीत. तू त्यांना माझ्यासमोर विचारलंस, "काका, मांजरीला सवय लागली तर?" ते म्हणाले, "तिला कुठे लग्नाला जायचंय?" तू म्हणालीस, "तुम्हालाही या वयात कुणी स्थळ आणत नाहीये." त्या दिवसापासून ते मांजरीबरोबर स्वतःही पंप घ्यायला लागले. मांजर गेली. ते अजून येतात. परवाही आले होते, दारावरचा कागद वाचून बाहेरच्या पायरीवर बसले.

आता तुझा खोकला.

तो मी भिंतीतून पहिल्यांदा ऐकला तेव्हा पैज लावायला तोंड उघडलं होतं. तूच म्हणालीस, "मी आहे. कोरडा आहे, जाईल." जनावरांच्या डॉक्टरांची एक खोड असते, ती तुझ्यामुळे मला कळली. तुम्ही स्वतःच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जात नाही, औषधांच्या कपाटाकडे जाता. तू स्वतःला एक ग्रेट डेन समजायचीस आणि त्या हिशेबानं डोस काढायचीस. आधी अँटिबायोटिक झालं, मग स्टेरॉइड. स्टेरॉइडनं खोकला गेला, दम गेला, तू खूष. काही आठवड्यांनी परत आला, परत कपाट, परत खूष. प्रत्येक वेळी बरं वाटत होतं, म्हणून छातीचा फोटो काढायचं पुढे ढकलत गेलीस. मी किती वेळा म्हटलं, "सुजा, सूज दाबली जातेय, जात नाहीये." तू म्हणायचीस, "कुत्र्यांचं जातं." तुझ्याकडे एखादा मालक असं औषध घालून कुत्रा घेऊन आला असता तर तू त्याला बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं झापलं असतंस.

पायऱ्या चढताना तू पहिल्या वळणावर फोन बघायचं निमित्त करून थांबायला लागलीस, तेव्हा मी तुला न विचारता अपॉइंटमेंट घेतली. पवईला स्कॅन झाला. फुप्फुसांच्या चित्रात काचेवर वाफ धरावी तसा धूसरपणा, आणि खालच्या बाजूला जाळी पडायला लागलेली. छातीच्या डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "पक्ष्यांशी संबंध?"

तू म्हणालीस, "जनावरांची डॉक्टर आहे. पक्षीही बघते. लव्हबर्ड, बजी, कॉकटील."

"घरी?"

"घरी पाळलेला एकही नाही."

त्यांनी समजावलं, आपल्या दोघींनाही माहीत असूनही आपण ऐकलं. पिसांची आणि विष्ठेची बारीक धूळ श्वासातून आत जाते. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. एखाद्याची फुप्फुसं तिला शत्रू समजतात आणि सुजतात. धूळ वेळेत थांबली तर सूज उतरते. नाही थांबली तर वण धरतात, आणि वण श्वास घेत नाही.

परतताना रिक्षात मी तुला विचारलं, "गॅलरीचं का नाही सांगितलंस?"

"त्यांनी पाळलेले का विचारलं?"

"त्यांनी घरी विचारलं. पाळलेले तू घातलंस."

तू रिक्षावाल्याला म्हणालीस, "भैया, गाना लगाओ."

गॅलरी म्हणजे बाबांची कबुतरं. आई गेल्यावर बाबा बोलायचेच थांबले होते. मी ते पाहिलंय. टेलिफोन खात्यात जन्मभर केबल जोडत फिरलेला माणूस, घरात एका खुर्चीत बसून राहायचा. मग कधीतरी गॅलरीत कबुतरं यायला लागली, बाबांनी मूठभर ज्वारी टाकली, आणि ते सकाळी उठायला लागले, दाढी करायला लागले. मी एकदा त्यांना थट्टेनं म्हटलं होतं, "बाबा, पुण्य कमावताय का?" ते म्हणाले, "पुण्यबिण्य माझ्या डोक्यात नाही. ती येऊन वाट बघतात. कुणी वाट बघत असेल तर दार उघडावं माणसानं."

तुझी खोली त्याच गॅलरीला लागून. एसीच्या बाहेरच्या पेटीमागे त्यांची घरटी. फिल्टर काढला की पिसं निघायची.

तू क्लिनिकमधले पक्षी बंद केलेस. ते तुला सोपं गेलं नाही, मला माहीत आहे. या पट्ट्यात पक्षी बघणारं दुसरं कुणी नव्हतं, लोक घाटकोपर-भांडूपपासून यायचे. तू पक्षी धरायचीस ते बघण्यासारखं असायचं. दोन बोटांत मान, बाकी हात सैल. मालक घाबरून घट्ट धरायचे तेव्हा तू ओरडायचीस, "छाती सोडा, त्याला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नाही, छाती हलली नाही तर मरेल तो." शेवटचा कॉकटील तू काचेतूनच बघितलास आणि मालकिणीला ठाण्याला पाठवलंस. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कंटाळा आला का आमचा?" तू म्हणालीस, "हो."

क्लिनिकमधले पक्षी थांबले. ऑक्सिजनचं सॅच्युरेशन मात्र उतरतच राहिलं.

मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. तुला आठवत असेल, मी रोज बोलले. मग तू एक प्रयत्न केलास. बाबांना सांगितलंस की सोसायटीनं नोटीस काढलीय, दाणे टाकायचे नाहीत. बाबा नियम पाळणारे. त्यांनी डबा बंद केला. कबुतरं काचेवर चोची मारत राहिली, आणि बाबा गॅलरीकडे पाठ करून बसले. दाढी थांबली. ताट तसंच परत जायला लागलं. तू मला हे सांगताना तुझा आवाज अगदी डॉक्टरी होता, "खाणं बंद, हालचाल कमी, प्रतिसाद मंद."

मग एका सकाळी मी माझ्या गाळ्याचं शटर उघडत होते आणि तू समोरून येताना दिसलीस. हातात वाण्याकडची पिशवी. पिशवी जड होती. तू विजेच्या खांबाशी थांबलीस, मग औषधाच्या दुकानाशी थांबलीस, मग माझ्या पायरीशी येऊन पिशवी खाली ठेवलीस आणि ओठ आवळून श्वास सोडलास, मी शिकवला होता तसा. तेवढा एकच व्यायाम तू नीट करायचीस.

"काय आहे?"

"ज्वारी."

"भाकऱ्या करतेयस?"

"नाही."

"सुजाता."

"मेधा, सकाळी सकाळी नको."

"कुत्र्याच्या मालकाला हे करू दिलं असतंस तू?"

"नसतं करू दिलं. उभा झापला असता."

"मग?"

"तो माझा बाप नसतो गं."

तू पिशवी उचललीस. मी ती तुझ्या हातातून घेतली, कारण तुला ती घेऊन लिफ्टपर्यंत जाता आलं नसतं. ती पिशवी मी वर पोचवली. तुझ्याशी भांडत भांडत पोचवली. बाबांनी दार उघडलं, पिशवी बघितली आणि म्हणाले, "सोसायटीनं ऐकलं वाटतं." तू म्हणालीस, "हो, ज्येष्ठ नागरिकांना सूट आहे."

त्यानंतर आपला एकच वाद चालू राहिला, तू जाईपर्यंत. माझं म्हणणं, बाबांना खरं सांग. तुझं म्हणणं, सांगून काय होणार, वण तर धरलेच आहेत. माझं म्हणणं, उरलेली फुप्फुसं वाचतील. तुझं म्हणणं, एकदा वण धरायला लागले की ते आपोआपही वाढतात, क्लिनिकचे पक्षी की घरची कबुतरं हे आता देवालाही सांगता येणार नाही. वैद्यकीयदृष्ट्या तू चूक नव्हतीस, म्हणून मला जास्त राग यायचा. मी म्हणायचे, "निदान जाळी लाव." तू तुझ्या खिडकीला जाळी लावलीस, एसीसाठी म्हणून सांगितलंस, आणि गॅलरी उघडीच. अर्धी जाळी. कबुतरांना उघडी राहिलेली बाजू पुरली.

बाबांना तू सांगितलंस, शरीर स्वतःवरच उलटलंय, कारण काही नसतं याला. टीव्हीवर कबुतरांवरून शहरात चाललेली भांडणं दिसली की तू चॅनल बदलायचीस. पेपरचं ते पान माझ्याकडे यायचं, मी त्यावर पेशंटना थुंकीचे डबे ठेवायला द्यायचे.

नाकाला नळी लागल्यावरही तू खाली यायचीस. कुत्री नळी हुंगायची. एक बाई म्हणाली, "डॉक्टर, तुम्हालाच ऑक्सिजन, मग आमच्या टॉमीचं कसं होणार?" तू म्हणालीस, "टॉमीची फुप्फुसं बदलून देताय का? मग बोलू." भिंतीपलीकडे मी हसले, आणि माझा पेशंट घाबरला, कारण त्याच वेळी तो फुंकर मारत होता.

शेवटी तू वाक्यं तोडून बोलायला लागलीस. दोन शब्द, श्वास, दोन शब्द. हॉस्पिटलमध्ये मी तुझ्या पलंगाशी बसले होते, बाबा खाली चहाला गेले होते. तू मास्क बाजूला केलास. "बाबांना नाही," म्हणालीस. "विचारलं तरी. नाही."

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. मी तुझा मास्क परत बसवला आणि पट्टा घट्ट केला. तू माझ्याकडे बघत राहिलीस, दारातून येणाऱ्या मांजरीकडे बघायचीस तशी. माझ्या तोंडून उत्तर यायच्या आत तुला ते कळलं असणार.

पाहुणे बुलढाण्याला परतले त्यानंतरची ही गोष्ट. मशीनवाला मशीन न्यायला येणार होता, म्हणून दुपारी मी वर गेले. त्यानं मशीन बंद केलं, चाकांवर ढकलत नेलं. इतके महिने त्या घरघरीची सवय झाली होती. ती गेल्यावर गॅलरीतली कबुतरांची घुंघुं एकदम मोठी वाटायला लागली.

बाबा म्हणाले, "बस. चहा टाकतो."

चहा झाला. कप खाली ठेवून म्हणाले, "मेधा, आम्ही केबलमधला बिघाड कसा शोधायचो सांगू?"

"सांगा."

"लाइन लांब असते. सगळी उकरता येत नाही. मग मधला एक तुकडा सोडवायचा आणि बघायचं. बिघाड गेला, तर तो त्या तुकड्यात होता. नाही गेला, तर उरलेल्यात."

"बरं."

"तिनं दवाखान्यातले पक्षी सोडले. तेव्हा मला म्हणाली, कंटाळा आला. सुजाताला कामाचा कंटाळा? मी तेव्हाच मनात टिपलं. पण पक्षी सोडून तिचं वाढतच गेलं." त्यांनी कप बाजूला सरकवला. "आता उरलेला तुकडा कुठला ते तू सांग."

सुजाता, मी तुझी बाजू आठवून बघितली. देवालाही सांगता येणार नाही, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण ते माझ्याकडे बघत होते आणि खोकत होते. आल्यापासून चार-पाच वेळा तरी खोकले होते, कोरडं. मी त्यांची मान बघितली होती. माझं काम आहे ते.

मी म्हटलं, "घर, बाबा. उरलं घर. नक्की असं कुणालाच सांगता येणार नाही. दवाखान्यातलं आधीचंही असेल. पण उरलं घर."

"कबुतरं."

"हो."

"तिला माहीत होतं?"

"हो."

"ज्वारी तीच आणायची."

"हो."

तुला भीती होती की ते कोसळतील. मीही खुर्ची थोडी पुढे घेतली होती, खरं सांगते. ते कोसळले नाहीत. ते चिडले. मी त्यांना इतक्या वर्षांत चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"मला विचारलं नाही तिनं."

"तुम्ही थांबला होतात एकदा. नोटीस म्हणून सांगितलं तेव्हा. तुम्ही जेवत नव्हता."

"मग? नव्हतो जेवत. कशासाठी थांबायचं तेच ठाऊक नव्हतं मला. सोसायटीच्या कागदासाठी जेवण जात नव्हतं, लेकीसाठी गेलं असतं की. आणि नसतं गेलं, तर नसतं गेलं. म्हातारा माणूस चार दिवस जेवला नाही तर काय आभाळ पडतं?" "डॉक्टर म्हणे. बापाला जनावरासारखं सांभाळलं. सांगायचं नाही, फक्त काय खातो, किती खातो, ते बघायचं."

मला ते पटत होतं, आणि तुझ्याबद्दल असं कुणी बोलावं हे सहनही होत नव्हतं.

उठून त्यांनी ज्वारीचा डबा ओट्यावर उपडा केला. बोटांनी पसरून बघितली. "किडलीय निम्मी," म्हणाले. "खाली कचऱ्यात टाक. ओल्या." मग म्हणाले, "जाळीवाल्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

जाळी लागली. मी गॅलरी आधी पाण्यानं भिजवून घेतली, मास्क लावून, कोरडा झाडू कुणाला लावू दिला नाही. तुझ्या एसीमागची घरटी काढली, त्यातलं एक रिकामं नव्हतं, ते ठाण्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाबांचा स्कॅन झाला. वयाच्या मानानं ठीक आहे. खोकला धुळीचा असावा, समोरची इमारत पाडतायत. बघू. मी लक्ष ठेवून आहे, आणि त्यांना सांगून लक्ष ठेवते.

कबुतरं दोन-तीन आठवडे जाळीवर येऊन बसत होती. बाबा त्यांच्याकडे बघत नाहीत. त्यांना आता वेळ नाही, कारण त्यांचं तुझ्याशी भांडण चालू आहे. सकाळी दाढी करून झाली की मला फोन येतो. रोज नवा मुद्दा. काल विचारलं, "तिच्या खिडकीला जाळी लावली तेव्हा मला काय वाटेल याचा तिनं विचार केला असेल ना?" परवा विचारलं, "मी एवढा कच्चा वाटलो का तिला?" तू इथे नाहीस, म्हणून तुझी बाजू मला मांडावी लागते. मी ती नीट मांडते. जी वाक्यं तू माझ्या तोंडावर मारायचीस तीच मी त्यांना ऐकवते, आणि ती माझ्या तोंडून बरी पटण्यासारखी वाटतात, याचा मला त्रास होतो.

आज सकाळी ते म्हणाले, "ते राहू दे. तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं. पहिल्याच दिवशी."

"तुझे वडील आहेत का गं?"

"नाही. मी कॉलेजात असतानाच गेले."

पलीकडून थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मोजायची सवय आहे मला, पण मी मोजला नाही.

"मग तुला बोलायला सोपं आहे," बाबा म्हणाले.